पाठमोरा मुलाखतकार

लहानपणी तुम्ही देवाला मानत होता का, असं विचारल्यावर मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग चटकन ‘हो तर’ म्हणतात. लगेच पुढचा प्रश्न येतो. आता मानता का? युंग ‘आता?’ एवढंच म्हणून थांबतात. कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही. उत्तर द्यायला अवघड आहे, असं ते पुटपुटतात आणि मग सावकाश सांगतात की मला ठाऊक आहे. मला मानायची गरज नाही, मला ठाऊक आहे.

मुलाखत घेताना असं वाक्य हाती लागलं की कोणीही त्यावर झडप घालील. ठाऊक आहे म्हणजे काय, कसं कळलं, पुरावा कोणता, असे प्रश्न ओठांवर गर्दी करतील. मुलाखत घेणारे जॉन फ्रीमन यांतलं काहीच विचारत नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न असा आहे की बरं, डॉक्टर व्हायचं तुम्ही कशामुळे ठरवलंत?

या एका वळणावर माझा जीव जडला आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं की प्रश्नकर्त्याची संधी हुकली. पुन्हा पाहिलं की लक्षात येतं, त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं राहू दिलं. त्याला हात लावला नाही, त्याचा अर्थ सांगितला नाही, आश्चर्याचा हुंकारही दिला नाही. आणि मुलाखत शेवटाकडे येते तेव्हा, मृत्यूबद्दल विचारता विचारता, फ्रीमन सहजपणे म्हणतात की मृत्यू हा शेवटच आहे असं तुम्ही मानता का. आता युंग आपणहून उलगडा करतात. मानणं ही गोष्ट मला अवघड जाते, असं ते सांगतात. एखादी गोष्ट गृहीत धरायची तर त्याला कारण लागतं. गोष्ट ठाऊक असेल तर ती ठाऊक असते, मग मानायचा प्रश्नच उरत नाही, आणि केवळ मानायचं म्हणून काही मानायची मोकळीक मी स्वतःला देत नाही. मघाशी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं दुसऱ्या वाटेनं, पाहुण्याच्या स्वतःच्या गतीनं येतं. फ्रीमन यांनी हे आधीच योजून ठेवलं होतं की नाही, यानं मला फरक पडत नाही. उत्तराची वाट पाहण्याइतका त्यांचा पाहुण्यावर भरवसा होता, हे दिसतं आणि तेवढं मला पुरतं.

ही मुलाखत ‘फेस टू फेस’ या बीबीसीच्या मालिकेतली. झुरिक सरोवराकाठी क्युस्नाख्त इथल्या युंग यांच्या घरी मार्च १९५९ मध्ये ती चित्रित झाली आणि २२ ऑक्टोबर १९५९ रोजी प्रसारित झाली. आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणीचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं ते त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला. म्हणजे आपण या माध्यमाची मुळाक्षरं गिरवायला बसलो, तेव्हा तिकडे ते माणसाच्या अंतरंगात किती खोल जाऊ शकतं याचे प्रयोग चालले होते.

मालिकेची कल्पना आणि निर्मिती ह्यू बर्नेट यांची. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झालेला, १९६२ मध्ये संपलेला. एकूण ३५ भाग. सुरुवातीला बर्लिओझच्या एका ओव्हर्चरचे गंभीर सूर वाजत आणि पडद्यावर त्या दिवशीच्या पाहुण्याची फेलिक्स टोपोल्स्की यांनी काढलेली रेखाचित्रं येत. टोपोल्स्कींची रेघ वेगवान आणि अस्वस्थ. एकाच चेहऱ्याची अनेक चित्रं एकामागून एक सरकत जात आणि बघणाऱ्याची नजर नकळत चेहरा वाचायला तयार होई. मग प्रत्यक्ष माणूस दिसे. मागे सजावट नाही, टेबलावर फुलदाणी नाही, बहुधा नुसता काळोख. एका बाजूनं कडक प्रकाश आणि कॅमेरा इतका जवळ, की पापणीची उघडझाप, ओठाच्या कोपऱ्यातली थरथर, कपाळावरचा घाम सगळं मोजून घ्यावं. प्रश्न विचारणारा मात्र कधीच समोरून दिसत नाही. फार तर त्याच्या डोक्याची मागची बाजू, खांद्याची कड. बाकी नुसता आवाज. लोकांकडे पाठ करून प्रसिद्धी मिळवलेला माणूस, असं फ्रीमन यांच्याबद्दल त्या काळी म्हटलं जाई आणि ते अक्षरशः खरं होतं.

या पाठमोरेपणाचा परिणाम काय होतो, ते पाहण्यासारखं आहे. मुलाखत घेणारा दिसत असला की बघणाऱ्याची नजर दोघांत वाटली जाते. उत्तर ऐकून त्याच्या भुवया उंचावल्या का, तो हसला का, त्याला पटलं का, हे पाहून आपण आपलं मत बनवतो. फ्रीमन यांनी हा आधार काढून घेतला. पाहुणा जे बोलला त्याबद्दल काय वाटायचं, ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं. शिवाय कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून पाहत असल्यामुळे पाहुणा जणू आपल्याशीच बोलतो. त्याची नजर चुकली तर ती आपल्यापासून चुकली असं वाटतं.

आवाज शांत, सुशिक्षित, एका पट्टीतला. वाक्यं आखूड. कौतुकाचा शब्द नाही, धमकीही नाही. विलंबित ख्यालाला ठेका धरून बसलेल्या जाणत्या तबलजीचं काम ते करतात. लय ढळू द्यायची नाही, गाणाऱ्याला जागा करून द्यायची, स्वतःची तयारी दाखवण्याचा मोह आवरायचा. हा मोह आवरणं किती कठीण असतं, ते आज रात्री नऊ वाजता कुठलीही वृत्तवाहिनी लावली की कळतं.

युंग यांच्या मुलाखतीची सुरुवातच पाहा. या सरोवराकाठच्या सुंदर घरात तुम्ही किती वर्षं राहता? पन्नासेक. मुलं-नातवंडं बरोबर नाहीत? नाहीत, पण आसपास पुष्कळ आहेत. नातवंडं किती? एकोणीस. आणि पतवंडं? आठ असावीत, बहुधा एक वाटेवर आहे. इतके साधे प्रश्न, की आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्यालाही आपण हेच विचारू. म्हातारा माणूस सैलावतो, त्याच्या चेहऱ्यावर कुटुंबवत्सल समाधान पसरतं. आणि त्याच आवाजात, स्वर जराही न बदलता पुढचा प्रश्न येतो. आता तुम्हाला तुमच्या बालपणात नेतो, आपण स्वतः कोणी वेगळे आहोत ही जाणीव तुम्हाला पहिल्यांदा कधी झाली ते आठवतं का? युंगना आठवतं. अकरावं वर्ष, शाळेची वाट, आणि अचानक धुक्यातून बाहेर आल्यासारखं वाटून उमगलेलं, की मी आहे, मी जो आहे तो आहे. पतवंडांच्या मोजणीपासून आत्मभानापर्यंतचं हे अंतर मिनिटभरात कापलं जातं आणि धक्का बसत नाही.

मला सर्वांत थोर वाटते ती मात्र फ्रॉइडची जागा. युंग आणि फ्रॉइड यांची भेट १९०७ मधली. पुढे मैत्री, पुढे दुरावा. दोघांनी एकमेकांच्या स्वप्नांचा अर्थ लावला होता. फ्रीमन विचारतात, फ्रॉइडच्या स्वप्नांतलं ठळक असं काही आठवतं का? युंग म्हणतात, हे विचारणं जरा औचित्य सोडून आहे, व्यवसायाची काही गुपितं असतात. फ्रीमन एकदाच दार पुन्हा लोटून पाहतात. ते जाऊन बरीच वर्षं झाली की. युंग उत्तर देतात, पण असे संकेत आयुष्यापलीकडेही टिकतात, मी त्याविषयी न बोलणंच पसंत करीन. फ्रीमन तिथेच थांबतात. इथे आपल्याला फ्रॉइडबद्दल नवीन काहीही कळलेलं नाही. युंगबद्दल मात्र फार मोठी गोष्ट कळली आहे. गेलेल्या मित्राशी, ज्याच्याशी बिनसलं त्या मित्राशी, हा माणूस वीस वर्षांनंतरही इमान राखतो. नकारातूनही माणूस दिसतो, हे कळायला मुलाखतकाराकडे कान लागतो, आणि नकार मिळाल्यावर गप्प बसायला त्याहून जास्त काही लागतं.

या मुलाखतीचा एक ठोस परिणाम झाला, तो आज अनेकांच्या पुस्तकांच्या कपाटात आहे. ती पाहून लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेचे व्होल्फगांग फोगेस यांना वाटलं, युंग यांनी सामान्य वाचकासाठी एक पुस्तक लिहायला हवं. रदबदलीसाठी त्यांनी फ्रीमन यांना गाठलं. फ्रीमन पुन्हा क्युस्नाख्तला गेले, बागेत बसून दोन तास त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. युंगनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. पण मुलाखत पाहिलेल्या साध्यासुध्या लोकांची पत्रं त्यांच्याकडे येत राहिली. मग त्यांना एक स्वप्न पडलं, की आपण अभ्यासिकेत डॉक्टरांशी बोलत नसून एका सार्वजनिक जागी उभे आहोत, समोर मोठा समुदाय आहे, आणि आपण बोलतोय ते त्या लोकांना कळतंय. युंगनी होकार दिला. ‘मॅन अँड हिज सिम्बॉल्स’ हे ते पुस्तक. त्यातला आपला भाग पुरा करून जून १९६१ मध्ये ते गेले. १९६४ मध्ये पुस्तक निघालं, त्याची प्रस्तावना जॉन फ्रीमन यांची. एका टीव्ही कार्यक्रमानं एका विचारवंताला आयुष्याच्या अखेरीस वेगळ्या वाचकाकडे तोंड करायला लावलं, याहून मोठं प्रशस्तिपत्रक या माध्यमाला कोणतं हवं?

फ्रीमन मुळात टीव्हीचे नव्हतेच. जन्म १९१५ चा, शिक्षण ऑक्सफर्डला, मग जाहिरात व्यवसाय, मग दुसरं महायुद्ध. लष्करातल्या त्यांच्या कामावर माँटगोमेरीसारखा सेनापती खूश होता. १९४५ मध्ये मजूर पक्षातर्फे वॉटफर्डमधून ते पार्लमेंटवर निवडून आले आणि नव्या सभागृहात गणवेशातच भाषणाला उभे राहिले. ते ऐकून पराभूत चर्चिल यांचे डोळे पाणावले, असं सांगतात. पुढे मंत्रिपद मिळालं. १९५१ मध्ये चष्मा आणि दातांच्या कवळीवर सरकारनं आकार लावला, तेव्हा फुकट आरोग्यसेवेच्या तत्त्वाला बाध येतो म्हणून अन्युरिन बेव्हन आणि हॅरॉल्ड विल्सन यांच्याबरोबर त्यांनी राजीनामा दिला. १९५५ मध्ये पार्लमेंटही सोडलं आणि ते ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात आणि बीबीसीत रमले. ‘पॅनोरमा’ या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात १९६० मध्ये त्यांनी विद्युत कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष फ्रँक फोक्स यांना निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरून धरलं. ती मुलाखत ‘फेस टू फेस’ची सख्खी असून सावत्र वाटावी इतकी वेगळी. तिथे प्रश्न टोचणारे, सुटायला वाट न देणारे. म्हणजे उलटतपासणीचं शस्त्र त्यांच्यापाशी होतं. क्युस्नाख्तच्या त्या घरात त्यांनी ते म्यानातच ठेवलं, याची किंमत यामुळे वाढते.

‘फेस टू फेस’चे पहिले पाहुणे लॉर्ड बर्केट. न्यूरेम्बर्गच्या खटल्यात न्यायासनावर बसलेले, आणि त्याआधी उलटतपासणीसाठी इंग्लंडभर गाजलेले वकील. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा माणूस पहिल्याच भागात उत्तरं द्यायला बसवला, ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे बर्ट्रंड रसेल आले, एडिथ सिटवेल आल्या, शिल्पकार हेन्री मूर, मार्टिन ल्यूथर किंग, जोमो केन्याटा आले, विशीतला पॉप गायक अ‍ॅडम फेथ आला. बीबीसीचे संस्थापक-संचालक लॉर्ड रीथ आले आणि आपली ताकद कधी पुरती पणाला लागलीच नाही ही खंत बोलून गेले. या सगळ्यांवर लिहीत बसलो तर पुस्तक होईल.

इव्हलिन वॉ यांना मात्र टाळता येत नाही. जून १९६०. कादंबरीकार वॉ बीबीसीचा आणि एकूण आधुनिक जगाचा मनापासून तिटकारा करणारे. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी ‘द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड’ ही कादंबरी लिहिली होती. स्वतःला झालेल्या भासांवर आधारलेली. तिच्या नायकाला बोटीवर आवाज ऐकू येतात आणि त्यामागे त्याच्याकडे मुलाखतीला येऊन गेलेला बीबीसीचा एक माणूस असल्याचा संशय येतो. असा लेखक बीबीसीच्या स्टुडिओत मुलाखतीला बसला आहे. तो सिगार ओढतो, तुटक उत्तरं देतो, प्रत्येक प्रश्न परतवून लावतो. या कार्यक्रमाला तुम्ही आलात तरी का, असं फ्रीमन विचारतात, तर म्हणतो गरिबीमुळे, असं आनंदात बोलत बसायचे पैसे आपल्या दोघांनाही मिळताहेत. फ्रीमन ना चिडतात, ना हसून साजरं करतात. त्याच शांतपणे ते त्या भासांबद्दल विचारतात, आवाज खरेच ऐकू येत होते का, किती दिवस. आणि इथे गंमत होते. ज्याच्याकडून एकेक वाक्य उपसून काढावं लागत होतं, तो वॉ आपल्या मतिभ्रमाबद्दल मात्र सरळ, स्वच्छ, न लाजता बोलतो. बाकी सगळीकडे ढाल, आणि जिथे जखम आहे तिथे ढाल नाही. समोरचा माणूस धसमुसळा असता तर ही जागा कधीच उघडी झाली नसती.

आता गिल्बर्ट हार्डिंग. या मालिकेचं नाव निघालं की बहुतेक लोक आधी हीच मुलाखत सांगतात. मी तिच्याकडे कमालीच्या अस्वस्थतेनं पाहतो. हार्डिंग ‘व्हॉट्स माय लाइन?’ या खेळामुळे घराघरांत पोहोचलेले होते. तापटपणा आणि फटकळपणा हीच त्यांची प्रसिद्धी. इंग्लंडातला सर्वांत उद्धट माणूस, असा शिक्का बसलेला. १८ सप्टेंबर १९६० रोजी प्रसारित झालेल्या या भागात त्या जाडजूड, घामेजलेल्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलत नाही. आपला उर्मटपणा आणि संताप समर्थनीय नाही, हे ते स्वतःच कबूल करतात. एकटेपणाबद्दल बोलतात. मग फ्रीमन विचारतात, तुम्ही कधी मृत्यू जवळून पाहिलाय का? हार्डिंग म्हणतात, हो, एकदाच. आवाज फाटतो. डोळे भरून येतात. ते आपल्या आईच्या मृत्यूबद्दल बोलत असतात. ती गेली तेव्हा ते तिच्या उशाशी होते.

फ्रीमन यांना हे ठाऊक नव्हतं. पुढे त्यांनी या प्रश्नाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पण मला जास्त खुपतं ते त्यानंतरचं. प्रश्न आईशी असलेल्या नात्याकडे आणि लग्न न करण्याकडे वळतात. हार्डिंग समलिंगी होते आणि इंग्लंडात १९६७ पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्याच्या आसपासही कॅमेऱ्यासमोर फिरकू नये. तोच पाठमोरेपणा, तोच न बदलणारा स्वर, तोच एकटक कॅमेरा, जे युंगसाठी आदराचं आसन ठरलं, ते हार्डिंगसाठी आरोपीचा पिंजरा ठरलं. युंगना नाही म्हणता येत होतं, त्यांच्यामागे आयुष्यभराचं काम उभं होतं. हार्डिंगना नाही म्हणता आलं नाही. पाहुण्याची नकार देण्याची ताकद किती आहे, हे जोखणं मुलाखतकाराचं काम असतं. त्या दिवशी फ्रीमन यांच्याकडून ते झालं नाही. १६ नोव्हेंबर १९६० रोजी, बीबीसीच्याच इमारतीबाहेर, दम्याचा झटका येऊन हार्डिंग कोसळले आणि गेले. वय ५३. मुलाखतीमुळे गेले असं कोणी म्हणू नये, प्रकृती आधीच खालावलेली होती. पण तो भरलेला चेहरा आणि ही तारीख एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत.

त्याच वर्षी फेब्रुवारीत विनोदी नट टोनी हॅनकॉक याच खुर्चीवर बसून गेले होते. ते इतक्या प्रामाणिकपणे स्वतःला उकलू लागले, की ती सवय त्यांना सुटलीच नाही, असं त्यांच्या जवळच्यांना पुढे वाटलं. आपल्या विनोदाचं विश्लेषण करत करत त्यांनी आपले लेखकच दूर केले आणि १९६८ मध्ये सिडनीत आयुष्य संपवलं. त्याचं सगळं खापर या अर्ध्या तासावर फोडणं मला पटत नाही. हॅनकॉकची ती मुलाखत मला आवडते. प्रत्येक प्रश्नावर तो माणूस खरोखर विचार करताना दिसतो, आणि टीव्हीवर विचार करणारा माणूस दिसणं दुर्मिळ असतं.

१९६२ मध्ये मालिका थांबली तेव्हा फ्रीमन ‘न्यू स्टेट्समन’चे संपादक झालेले होते. १९६५ मध्ये, तोवर पंतप्रधान झालेल्या विल्सन यांनी त्यांना भारतात ब्रिटनचे उच्चायुक्त म्हणून पाठवलं. इथे ते आपल्या इतिहासात येतात. त्याच सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झालं. शास्त्रीजी पंतप्रधान, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री, आणि भारतीय फौजा लाहोरच्या दिशेनं आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेल्या त्या ६ सप्टेंबरलाच विल्सन यांनी भारताला दोष देणारं निवेदन काढलं. दिल्लीत ब्रिटनविरुद्ध संताप उसळला आणि तो झेलायला होते फ्रीमन. लंडननं बोलून ठेवायचं आणि निस्तरायचं यांनी, असे ते दिवस. भारतात त्यांनी १९६८ पर्यंत काढले.

मग वॉशिंग्टन. ‘न्यू स्टेट्समन’मध्ये १९६२ साली निक्सन यांच्यावर जळजळीत टीका झाली होती, एक तत्त्वशून्य माणूस म्हणून त्यांची संभावना झाली होती. फ्रीमन यांची अमेरिकेतले राजदूत म्हणून निवड झाली आणि पाठोपाठ निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या घरी भोजन होतं, दोघेही पंगतीला. निक्सन उठले आणि म्हणाले की झालं गेलं विसरून जाऊ, आता ते नवे मुत्सद्दी आहेत आणि मी नवा स्टेट्समन. इतरांच्या डोळ्यांतलं पाणी कॅमेऱ्यापुढे आणणाऱ्या या माणसाचा स्वतःचा बांध तेव्हा फुटायच्या बेतात होता, असं निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी लिहून ठेवलं आहे. कॅमेरा तिथे नव्हता.

१९७१ ते १९८४ ते लंडन वीकएंड टेलिव्हिजनचे अध्यक्ष होते. तिथे त्यांच्या कारकिर्दीत मुलाखतीची एक निराळीच शाळा उभी राहिली. ‘वीकएंड वर्ल्ड’मध्ये ब्रायन वॉल्डन राजकारण्याच्या प्रत्येक संभाव्य उत्तराचा आधीच आराखडा करून बसत आणि कुठल्याही फांदीवर तो गेला तरी पुढचा प्रश्न तयार असे. आपले मुलाखतकार करण थापर १९८२ पासून याच कंपनीत होते आणि त्यांच्या धारदार शैलीवर त्या तालमीचा ठसा आहे. राजकारण्याला धरायचं तर ती शाळा हवीच, तिच्याबद्दल मला आदर आहे. फक्त तिथे मौनाला जागा नसते, आणि मला मुलाखतीत मौन लागतं.

पुढे फ्रीमन कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात शिकवायला गेले, परतल्यावर लंडनमध्ये शांतपणे राहिले. स्वतःबद्दल बोलायला त्यांनी जवळजवळ आयुष्यभर नकार दिला, चरित्रकारालाही सहकार्य केलं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये, शंभरीला काही आठवडे उरले असताना ते गेले. खासदार, मंत्री, संपादक, राजदूत, वाहिनीचा अध्यक्ष, प्राध्यापक, प्रत्येक काम भरात असताना सोडून पुढे जाणारा हा माणूस स्वतःच्या आत काय बाळगून होता, ते आपल्याला कळत नाही. मला त्याची तक्रार नाही. फ्रॉइडच्या स्वप्नांबद्दल युंगना जो हक्क त्यांनी दिला, तो त्यांनाही असायला हवा.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की हार्डिंगपासून सुरुवात करू नका. तिथून सुरुवात केली की रडवणं हेच मुलाखतीचं यश वाटू लागतं, आणि मग बाकीच्या भागांत आपण अश्रूच शोधत राहतो. आधी वॉ पाहा, म्हणजे प्रश्नकर्त्याचा संयम कळेल. मग युंग दोनदा पाहा, एकदा उत्तरांसाठी आणि एकदा नुसत्या प्रश्नांसाठी. प्रश्न कागदावर उतरवून घेतलेत तर आणखी बरं. त्यांतला एकही प्रश्न हुशार वाटत नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना हा कागद कुणीतरी पहिल्याच आठवड्यात हातात ठेवायला हवा.